धोळ्याचा टोचलेला कान

पळसमाळच्या तांड्यावर कोतवाल डफडं वाजवत आला तेव्हा बिजलीबाई काजळी गाईच्या अंगावरच्या गोचिडा काढत बसली होती. महाराष्ट्र राज्य होऊन अजून वर्ष भरलं नव्हतं. माघ सरत आला होता आणि तांड्याभोवतीचे पळस नुकते कुठं लाल व्हायला लागले होते. कोतवाल नायकाच्या दारापुढं थांबला, घसा खाकरला आणि ओरडला, "ऐका हो ऐका! परवाच्या दिवशी ढोरायच्या दवाखान्याचा मानूस तांड्यावर येऊन राह्यला! समद्या ढोरायले बुळकांडीची लस टोचून घ्याची! आता नुसत्या कानाच्या भोकावर बोरीच्या ढोरबाजारात ढोर घेनार नाईत! भोक बी पाह्यजे अन् चिठ्ठी बी पाह्यजे! ज्यायच्या ढोरायले पह्यलेच भोक आहे, त्यायचं नाव जुन्या वहीत पाहून चिठ्ठी भेटन होऽऽ!"

जुन्या वहीत! बिजलीबाईच्या हातातली गोचीड हातातच राहिली. तिच्या दावणीला अकरा जनावरं होती. त्यातल्या दहांच्या डाव्या कानाला भोक होतं, आणि जुन्या वहीत एकाचंही नाव नव्हतं. ती भोकं तिनं स्वतः पाडली होती.

बिजलीबाईचं वय साठीच्या आसपास. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली, पोटी लेकरू नाही. पुतण्या उत्तमसिंग आणि त्याची बायको जमनी यांच्या शेजारच्याच झोपडीत ती राहायची. तिच्या सासऱ्याचा बाप बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरला होता. आगगाडी आली, सडका झाल्या, लदेणी संपली, तांडा एका जागी बसून शेती करायला लागला. पण ढोरांची माया काही रक्तातून गेली नाही. गाईच्या नाकपुडीपुढं तळहात धरून बिजलीबाई ताप सांगायची. अडलेली गाय मोकळी करायला तिला चार गावांहून बोलावणं यायचं.

असं असून तिनं लस टोचू दिली नाही, त्याला कारण होतं. सात वर्षांपूर्वी पहिल्यांदा टोचणारे आले तेव्हा तिनंच सगळ्यांच्या आधी आपली लाखी गाय पुढं केली होती. लाखी आठ महिन्यांची गाभण. चौथ्या दिवशी तिला ताप भरला, पाचव्या दिवशी तिनं गाभ टाकला आणि मग ती सावरलीच नाही. तेव्हापासून टोचणारे येणार म्हटलं की बिजलीबाई पहाटेच ढोरं हाकून जंगलात निघून जायची.

मग तीन वर्षांपूर्वी बाजाराचा नियम निघाला. लस टोचलेल्या जनावराच्या कानाला दवाखान्याचे लोक चिमट्यानं भोक पाडायचे, आणि भोक नसलेलं जनावर बाजारात घ्यायचं नाही असं ठरलं. त्याच साली तिच्या बैलजोडीतला एक बैल पान लागून, साप चावून मेला. उरला धोळ्या. दुधासारखा पांढरा, म्हणून धोळ्या. एकट्या बैलानं नांगर चालत नाही, दुसरा घ्यायची ऐपत नाही. त्याला विकणं भाग होतं. बोरीच्या मोच्याकडं चामड्याच्या पट्ट्याला भोकं पाडायचं हत्यार असतं, ते ती दिवसभरासाठी मागून घेऊन आली. पाण्यात उकळलं, धोळ्याचं तोंड कुशीत घेतलं आणि एका दाबात भोक पाडलं. वर हळद आणि तेल लावलं. भोक असं सुबक झालं की बाजाराच्या फाटकावरच्या शिपायानं दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नाही. धोळ्या तळणीच्या घनश्यामनं घेतला.

हे तांड्यात कळायला किती वेळ लागतो? "काकी, आमच्या गाईचं बी पाडून द्या ना." "आमच्या गोऱ्ह्याचं बी." कोणाला नाही म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आपल्या हाताचा तिला थोडा अभिमानही वाटला होता. दोन वर्षांत अर्ध्या तांड्याच्या ढोरांचे कान तिनं टोचून दिले.

आता जुनी वही येणार होती.

* * *

परवाच्या दिवशी किसनराव आले. दवाखान्यात ते टोचायचं काम करायचे, डॉक्टर नव्हते, पण खेडोपाडी सगळे त्यांना डागदरच म्हणायचे. तिशीचा, अंगानं किडकिडीत, दारव्ह्याकडच्या कास्तकाराच्या घरातला माणूस. सायकलच्या दांडीला बर्फाचा थर्मास टांगलेला, मागं लाकडी पेटी बांधलेली. थर्मासमध्ये काचेच्या इवल्या बाटल्यांत लस होती. तांड्याचे नायक अमरसिंग यांनी खाट टाकली. किसनराव बसले नाहीत. त्यांनी आधी विचारलं, "पानी उकळाले चूल कोनाची भेटन? दर वीस ढोरांमागं सुई उकळाची, असा आता नियम आहे."

कोणी काही बोलायच्या आत बिजलीबाई म्हणाली, "माही पेटलेलीच आहे." म्हटल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. पण सुई उकळून घेणारा टोचणारा तिनं आजवर पाहिला नव्हता.

ढोरं निंबाखाली ओळीनं उभी केली. किसनरावांनी वही उघडली, ओळीवरून एक फेरी मारली, परत आले आणि पुन्हा वहीत पाहिलं.

"नायक, वहीत पळसमाळची ढोरं आहेत एकोनीस. अन् भोकं पाह्यली त साठाच्या वर."

अमरसिंग नायक निंबाच्या शेंड्याकडं पाहायला लागले. बाकीच्यांनाही त्या शेंड्यात एकदम काहीतरी दिसायला लागलं. किसनराव जवळच्याच गाईपाशी गेले. ती नेमकी बिजलीबाईची सोरठी होती. त्यांनी कान हातात धरला.

"हे भोक कोनं पाडलं जी?"

"तुमच्याच मानसानं," बिजलीबाई म्हणाली. "मांगच्या डागदरानं."

किसनरावांनी पेटीतून चिमटा काढून भोकाला लावून पाहिला. "आमच्या चिमट्याचं भोक इतकं साजरं येत नाई, बाई. आमचं कडेले फाटल्यावानी होते. हे कोन्या कारागिराचं काम दिसते."

मागं कोणीतरी खुदकन हसलं. जमनीनं तोंडावर पदर धरला. बिजलीबाईनं मान ताठ ठेवली, पण कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

किसनराव रागावले नाहीत. म्हणाले, "मी काई पोलीस नोहो. ज्यायची नावं वहीत नाईत, त्या समद्यायले आज टोचतो अन् आजच्या तारखेची चिठ्ठी देतो. चला, लवकर करू. बाटली एकदा फोडली का घंटाभरात संपवा लागते, उरली का फेकून द्याची."

काम सुरू झालं. तांड्याची माणसं ढोरांच्या बाबतीत वाकबगार. शिंगं धरणारा शिंगं धरी, शेपटी धरणारा शेपटी. बिजलीबाई एकेका जनावराच्या कानाशी तोंड नेऊन त्याच्याशी तांड्याच्या गोरबोलीत काहीबाही बोलत राहिली, आणि कितीही बुजरं ढोर असलं तरी ते तिच्या आवाजानं खाली मान घालून उभं राहिलं. चिठ्ठीवर जनावराचं वर्णन लिहावं लागायचं. किसनराव नुसतं 'तांबडी गाय' लिहायला लागले की ती अडवायची. "तांबड्या त बारा आहेत, डागदर. हिच्या मांगच्या डाव्या खुराच्या वर पांढरं कडं आहे, थे लिवा." किसनराव मुकाट्यानं लिहायचे.

काजळीची पाळी आली. बिजलीबाईनं तिचं दावं घट्ट धरलं. काजळीच्या कानाला भोक नव्हतं. ती गाभण होती, आणि गाभण जनावराचा कान टोचायला तिचा हात कधी उचलला नव्हता. आता नाही म्हणावं तरी कसं? किसनरावांनी काजळीच्या पोटाखालून हात फिरवला.

"कितवा?"

"आठवा."

"मंग इले नाई टोचत. न्या बाजूले."

बिजलीबाईला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "काहून नाई?"

"नव्या नियमात बसत नाई. गाभ मोठा असला का ही लस द्याची नाई. लसेनं ताप येते, तापानं गाय गाभ टाकू शकते. व्याली, दोन महिने झाले, का मंग टोचू. तवरीक गाभण असल्याची वेगळी चिठ्ठी देतो."

"हे तुमाले आता समजलं?"

"मले नाई जी. वरून कागद आला. गावोगाव गाईंनी गाभ टाकले, टोचनाऱ्यायनं लिवून लिवून धाडलं, तवा नियम बदलला."

बिजलीबाईनं काजळीचं दावं सैल सोडलं. मग हळूच म्हणाली, "माह्या लाखीचं कोनं लिवलं असन का?"

किसनरावांना लाखी कोण ते ठाऊक नव्हतं. तिनं चार वाक्यांत सांगितलं. हातात भरलेली सुई होती, बाटलीची वेळ संपत चालली होती, मागं ओळ खोळंबली होती. तरी किसनरावांनी विचारलं, "कोन्या रंगाची होती?"

"करडी. कपाळावर चांदवा. आवाज देल्ला का पयत ये."

"लिवलंच असन, बाई," किसनराव म्हणाले. "अशाच गाईंपायी त हा नियम झाला."

लिहिलं होतं की नाही हे त्यांना ठाऊक असणं शक्य नव्हतं, आणि ते बिजलीबाईलाही कळत होतं. पण सात वर्षांत लाखीचा रंग तिला कोणी विचारला नव्हता. तिनं काजळीला बाजूला नेलं, निंबाला बांधलं आणि पदरानं डोळे पुसून परत ओळीत येऊन उभी राहिली.

दुपार कलली तसे किसनराव घाई करायला लागले. नायकांनी जेवून जायचा आग्रह धरला तेव्हा म्हणाले, "नाई जी. उद्या आनखी चार गावं आहेत. तळणीच्या पलीकडं बुळकांडी आली. सहा ढोरं मेली परवापर्यंत. तळणीत मांगच्या आठवड्यात टोचून झालं, तिकडची काळजी नाई. ज्यायच्या कानाले जुनं भोक होतं तेवढी सोडून समदी टोचली."

बिजलीबाई पाण्याचं पातेलं घेऊन चुलीकडं निघाली होती, ती थांबली. "भोक होतं थे सोडले?"

"हो ना. त्यायले पह्यलेच टोचलं असते. लस कमी, ढोरं जास्त. चिठ्ठ्या मांगून भेटतीन त्यायले."

तिच्या डोळ्यांपुढं एकच कान आला. पांढरा, आतून गुलाबी, आणि त्यात तिच्या हातचं ते सुबक भोक. तिनं पातेलं खाली ठेवलं. सगळा तांडा भोवती होता. उत्तमसिंग होता, जमनी होती, नायक होते.

"डागदर, थे भोकं म्याच पाडली," ती म्हणाली. "मांगच्या डागदरानं नाई. म्या. अन् माह्या हातचा एक बैल तळणीत आहे. घनश्यामच्या घरी. त्याले कवाच लस टोचली नाई. भोक पाहून त्याले सोडलं असन."

कोणी हसलं नाही. किसनरावांनी थर्मास उघडून आत पाहिलं. बर्फ मुठीएवढा उरला होता, त्यावर एक न फोडलेली बाटली.

"तळणी किती दूर आहे इथून?"

"दोन कोस. अडाण नदी ओलांडली का आलीच."

"चाला मंग."

"मी पायी येते, तुमी पुढं व्हा."

"पायी येता येता बर्फ संपन. मांगं बसा."

साठीची, घेरदार फेटिया नेसलेली, कोपरापर्यंत बांगड्या घातलेली बिजलीबाई सायकलच्या मागच्या बैठकीवर बसली, तो प्रकार पळसमाळच्या तांड्यानं पुढं कितीतरी वर्षं सांगितला. सुई आणि तापमापी किसनरावांनी खिशात घेतली, पेटी नायकांच्या घरी ठेवली. थर्मास तिच्या मांडीवर दिला. जमनीनं तिचा घेर गोळा करून चाकापासून वर खोचला. सायकल दोनदा डगमगली, तेव्हा ती ओरडली, "याडी वो! पाडतं का बापू मले?" आणि तिसऱ्यांदा सरळ निघाली. आतापर्यंत ती त्यांना डागदर म्हणत होती. ओरडताना तोंडात बापू आलं ते तसंच राहिलं.

वाटेत ती दोनच गोष्टी बोलली. एक म्हणजे, "जेल होते का रे बापू मले?" त्यावर किसनराव धापा टाकत म्हणाले, "नाई होत. पन मले वहीत लिवा लागन." आणि दुसरं, अडाणेच्या उतारावर पाणी गुडघाभर होतं तिथं उतरून, थर्मास डोक्यावर घेऊन चालताना ती म्हणाली, "लिव. माहं नाव बिजलीबाई बरोबर लिव. तांड्याचं नाव खराब नोको करू, समद्यायचे कान म्याच टोचले."

* * *

तळणीत घनश्यामचं घर वेशीजवळच होतं. घनश्याम चाळिशीचा, कमी बोलणारा कास्तकार. त्याची बायको वच्छलाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. गोठ्यात दोन बैल बांधलेले, एक तांबडा, एक पांढरा. बिजलीबाई अजून फाटकाशीच होती, तोच पांढऱ्यानं कान टवकारले, दाव्याला ओढ दिली आणि हंबरला.

"कोन आलं पाह्य वं," घनश्याम आतून म्हणाला.

बिजलीबाई आधी गोठ्यात गेली नाही. फार मनात होतं, पण नाही गेली. तिनं अंगणात उभं राहून, दोघं नवरा-बायको समोर आल्यावर, जे होतं ते सांगून टाकलं. भोक खोटं. लस टोचलेली नाही. मी तुम्हाला फसवलं. आता बुळकांडी शेजारी आलीय म्हणून डागदराला घेऊन आले.

घनश्याम दोन पावलं पुढं आला. मग म्हणाला, "मांगच्या आठवड्यात टोचनारे दारात आलते. मीच म्हटलं, याच्या कानाले भोक आहे, याले नोका टोचू, दुसऱ्या कोनाच्या ढोराले कामी येईन. मीच म्हटलं जी! माह्या तोंडानं!"

"हो बाप्पा," ती म्हणाली. "चूक माही."

"चूक? माहा बैल मेला असता त?"

 वच्छलाबाईनं सूप खाली ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अवो, मेला नाई ना अजून. आधी टोचू द्या त्यायले. भांडन मंग करा."

किसनरावांनी धोळ्याच्या शेपटीखाली तापमापी लावून ताप पाहिला. नव्हता. डोळे पाहिले, तोंड उघडून हिरड्या पाहिल्या. स्वच्छ. वच्छलाबाईच्या चुलीवर सुई उकळली. मग बिजलीबाईनं धोळ्याचं तोंड कुशीत घेतलं, तीन वर्षांपूर्वी घेतलं होतं तसंच, आणि किसनरावांनी बाटली फोडून लस दिली.

"आता ऐका," ते म्हणाले. "आज ताप नाई, पन रोग आधीच अंगात शिरला असन त आपल्याले समजनार नाई. तसं असन त लस कामाची नाई. दहा दिवस वाट पाहा लागन. तवरीक याले वेगळं बांधाचं, दुसऱ्या ढोरायच्या पान्यावर न्याचं नाई, जुवाले जुंपाचं नाई. लसेचा ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी येईन. त्याले भ्याचं नाई."

"जुंपाचं नाई?" घनश्यामचा आवाज चढला. "खळ्यावर ज्वारी पडून आहे! एका बैलानं मळणीची पात कशी फिरवू?"

बिजलीबाईच्या घरची सगळी ढोरंही त्याच दिवशी टोचलेली. त्यांनाही जुंपायचं नव्हतं. नाहीतर तिनं उत्तमसिंगाची जोडी रातोरात पाठवली असती.

"मी राह्यते इथं," ती म्हणाली. "दहा दिवस. याच्यापाशी मी राह्यते, अन् तुमची ज्वारी काठीनं बडवून देते."

"आमाले नोको तुमची..." घनश्याम बोलायला लागला होता, पण वच्छलाबाई मधेच म्हणाली, "राहू द्या. बैल मांदा पडला त तुमाले समजनार आहे का त्याचं काई?"

घनश्याम गोठ्याकडं वळला. ते खरं होतं.

* * *

बिजलीबाईनं गोठ्याच्या टोकाला कडब्याचा आडोसा केला आणि तिथं धोळ्याला आणून बांधलं. त्याच्याच शेजारी आपलं अंथरूण टाकलं. सकाळी त्याला वेगळ्या घमेल्यात पाणी पाजायचं, चारा टाकायचा, मग खळ्यावर जायचं. दोघी बाया समोरासमोर बसून काठ्यांनी कणसं बडवायच्या. पहिल्या दिवशी घनश्याम दुसऱ्या टोकाला एकटाच बडवत होता. बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी धोळ्यानं चारा सोडला. बिजलीबाईनं नाकपुडीपुढं तळहात धरला. ताप होता. संध्याकाळपर्यंत तो मान खाली टाकून उभा राहिला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. घनश्याम गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता.

"हे थेच आहे ना?" त्यानं विचारलं. "बुळकांडी?"

"माहीत नाई अजून, बाप्पा," ती म्हणाली. तिला खोटा धीर द्यायचा नव्हता. खोटं आता तिच्या तोंडून निघतच नव्हतं. "लसेचा ताप बी असाच राह्यते. तोंडात फोड आले, हगवन लागली, वास सुटला, त मंग बुळकांडी समजाची."

सकाळ-संध्याकाळ ती त्याचं तोंड उघडून बोटानं हिरड्या चाचपायची. जिभेखाली पाहायची. शेण हातात घेऊन पाहायची. धोळ्या तिच्या खांद्यावर मान टाकून उभा राहायचा, आणि तेवढं वजन खांद्यावर घेऊन ती त्याला तांड्याच्या गोष्टी सांगायची. सोरठीनं कुंपण कसं तोडलं, काजळीचं पोट किती वाढलंय. वच्छलाबाई भाकरी घेऊन यायची आणि दोन घटका तिथंच टेकायची.

"माय, तुमाले लेकरं किती?" तिनं एकदा विचारलं.

"एक बी नाई."

"मले बी नाई," वच्छलाबाई म्हणाली. "म्हनून त हे दोन बैल असे. यायनं याचं नाव बी नाई बदललं. मी म्हनत होते सर्जा ठेवू. थे म्हनत, ज्या नावानं तो वळते तेच राहू द्या."

बिजलीबाईनं भाकरीचा घास तोंडाशी नेलेला तसाच धरून ठेवला. ज्या माणसाला आपण फसवलं, त्यानं आपण ठेवलेलं नाव तीन वर्षं चालवलं होतं.

पाचव्या दिवशी पलीकडच्या आळीत दोन गाई पडल्या. त्यांच्या मालकानं त्या टोचणाऱ्यांपासून लपवून ठेवल्या होत्या. गाव घाबरलं. लोक घनश्यामच्या गोठ्याकडं लांबूनच पाहायला लागले. कोणीतरी म्हणालंही, की ही तांड्यावरची बाई रोग घेऊन आली. तेव्हा घनश्याम फाटकाशी जाऊन उभा राहिला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असा बोलला, "थे रोग घेऊन नाई आली. थे डागदर घेऊन आली. ज्यायच्या कानाच्या भोकाचा भरोसा नसन, त्यायनं तिच्यापाशी ढोर आनून दाखवा. खरं भोक कोनतं अन् खोटं कोनतं, तिच्यासारखं कोनाले समजनार नाई."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच हसू आलं. आतून वच्छलाबाई हसली, आणि गोठ्यात बिजलीबाईही. पाच दिवसांत तो पहिल्यांदा तिच्याविषयी एवढं बोलला होता. आणि खरंच दुसऱ्या दिवशी सात-आठ माणसं ढोरं घेऊन रस्त्यावर उभी राहिली. धोळ्याजवळून आलेली म्हणून तिनं आधी हातपाय राखेनं खसखसून धुतले, लुगड्याचं जुनेर वच्छलाबाईकडून मागून अंगावर घेतलं आणि मगच एकेक कान पाहिला. दोन भोकं खोटी निघाली. तिच्या हातची नव्हती. कोणी दुसऱ्यानंही तीच युक्ती केली होती. "हे कोनं केलं?" तिनं नाक मुरडून विचारलं. "किती वेडंवाकडं!" त्या दोन जनावरांसाठी किसनरावांना निरोप गेला.

सातव्या दिवशी पहाटे धोळ्यानं तिचा पदर चावायला घेतला. तिनं घाईनं चारा पुढं केला. त्यानं तो हुंगला, एक काडी उचलली, मग तोंडभर घेतला. अंग थंड होतं. हिरड्या गुलाबी, स्वच्छ. शेण घट्ट. तिनं ओरडून कोणाला सांगितलं नाही. ती तशीच त्याच्या पायाशी बसून तो खाताना पाहत राहिली. सकाळी घनश्याम आला तेव्हा घमेलं रिकामं होतं, आणि बिजलीबाई धोळ्याच्या मानेला टेकून झोपी गेली होती. तो तिला न उठवता खळ्यावर गेला.

दहाव्या दिवशी किसनराव आले. त्या दोन जनावरांना त्यांनी मधेच येऊन टोचलं होतं. पलीकडच्या आळीतल्या दोन्ही गाई वाचल्या नाहीत, पण रोग तिथंच थांबला होता. त्यांनी धोळ्याला तपासलं आणि चिठ्ठी लिहायला बसले.

"वर्नन सांगा."

बिजलीबाईनं तोंड उघडलं, मग मिटलं आणि घनश्यामकडं पाहिलं. बैल आता त्याचा होता. घनश्याम म्हणाला, "तुमीच सांगा, माय. मले ते खुरावरचं कडं-बिडं काई येत नाई."

तिनं सांगितलं, किसनरावांनी लिहिलं. चिठ्ठी घनश्यामच्या हातात देऊन त्यांनी दुसरी वही काढली. "अन् हे तुमच्याबद्दल. मोठ्या डॉक्टरसायबायले मी समदं सांगतलं. त्यायनं विचारलं, मालकीन पकडली का तिनं सोता सांगतलं. म्हटलं, सोता सांगतलं, अन् मले सायकलवर बसवून घेऊन गेली."

"म्या बसवलं?" ती म्हणाली. "तू बसवलं मले!"

"तेच ते. तर त्यायनं ताकीद लिवून सोडून देल्लं. पुढं कोनाचा कान टोचाचा नाई. इथं आंगठा द्या."

तिनं अंगठा दिला. शाई पुसायला वच्छलाबाईनं आपल्या लुगड्याचा काठ पुढं केला.

दुपारी ती निघाली. ज्वारी बडवून झाली होती, पोती भरून ठेवली होती. वच्छलाबाईनं चिवड्याची पुडी बांधून दिली, एक नवं पातळ दिलं आणि नको नको म्हणत असताना तिच्या खांद्यावर टाकलं. बिजलीबाई गोठ्यात गेली. धोळ्याच्या कानावरून हात फिरवला, त्याच्या कपाळाला कपाळ लावलं आणि त्याच्याशी काय बोलायचं ते बोलली. तो रवंथ करत राहिला.

वच्छलाबाई अडाणेपर्यंत पोचवायला आली. नदीचं पाणी खाली गेलं होतं, मधले दगड उघडे पडले होते. दोघी काठावर थांबल्या.

"मिरगाच्या आधी या," वच्छलाबाई म्हणाली. "दोन-चार दिस राहाले. यायची आता काई हरकत नाई, पाह्यलं ना तुमी."

"येईन."

"नाई, तुमी नुसतंच म्हनून राह्यल्या. कोन्या दिवशी येता थे सांगा."

बिजलीबाईनं बोटांवर दिवस मोजले. काजळीचे दिवस भरत आले होते, तिचं बाळंतपण उरकायचं होतं, मग जमनीच्या माहेरचं लग्न होतं. "अखाजीचा सण झाला का," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी."

"मंग मी इथंच येऊन उभी राहीन, या दगडापाशी," वच्छलाबाई म्हणाली.

बिजलीबाईनं फेटिया उचलून धरला, चिवड्याची पुडी डोक्यावर ठेवली आणि पाण्यात पाय टाकला. मधल्या दगडावर पोचल्यावर तिनं वळून पाहिलं. वच्छलाबाई अजून तिथंच उभी होती. बिजलीबाईनं हातानं घरी जा म्हणून खुणावलं. वच्छलाबाई गेली नाही.